ऑडिटपुरती प्रक्रिया

सॉफ्टवेअर कंपनीत प्रक्रियेचं ऑडिट, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं काम होतं की नाही याची तपासणी, सोमवारी असलं की आदल्या गुरुवारपासूनच मजल्यावरची हवा बदलते. एरवी कोडमधून मान वर न काढणारी मंडळी एक्सेलच्या फायली उघडून बसतात. मार्चमध्ये झालेल्या, किंवा खरं सांगायचं तर न झालेल्या, डिझाइन रिव्ह्यूची नोंद सप्टेंबरात भरली जाते. रिव्ह्यूला किती वेळ लागला, किती दोष सापडले, हे आकडेही बेताबेतानं टाकले जातात. शून्य दोष लिहिले तर ऑडिटरला शंका येते, पंधरा लिहिले तर क्लायंटला; म्हणून तीन किंवा चार. कामाच्या पद्धती ठरवणाऱ्या प्रोसेस ग्रुपमधली एखादी मुलगी या टीमकडून त्या टीमकडे फिरत असते. "सर, तुमचं टेलरिंग शीट अजून जुन्याच टेम्प्लेटमध्ये आहे." सर म्हणतात, "तूच टाक ना काहीतरी, मी अप्रूव्ह करतो." सोमवारी ऑडिट पार पडतं, एखाद-दोन किरकोळ एनसी, म्हणजे नियम न पाळल्याच्या नोंदी, निघतात, सामोसे येतात आणि मंगळवारपासून ये रे माझ्या मागल्या.

हिंजवडी, खराडी, ऐरोली, नागपूरचं मिहान, कुठेही जा, हे न पाहिलेला इंजिनिअर विरळाच. यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. क्वालिटीवाले म्हणतात, डेव्हलपर बेशिस्त आहेत. डेव्हलपर म्हणतात, हे सगळे कागदी घोडे आहेत, आम्हाला काम करू द्या. दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे आणि दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. बेशिस्त म्हणावं तर हीच माणसं रात्री दोन वाजता प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली प्रणाली, बंद पडलं की एकेक कमांड कागदावर लिहून, एकमेकांना वाचून दाखवून मगच चालवतात. आणि कागदी घोडे म्हणावं तर त्याच रात्री प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत असतो: "हे कुठे लिहून ठेवलंय का कोणी?"

माझं म्हणणं साधं आहे. जो काम करतो त्याच्याकडे त्या कामाची पद्धत लिहायचा आणि बदलायचा हक्क नसेल, तर लिहिलेली पद्धत खरी राहत नाही. भिंतीवर कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र टांगलंय याला मग फारसा अर्थ उरत नाही.

मुळात या पातळ्या आल्या त्या नोकरशाही वाढवायला नव्हे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर वेळेवर मिळत नव्हतं, खर्च हाताबाहेर जात होता आणि कंत्राटदार निवडायचा कसा हे कळत नव्हतं. त्या खात्याच्या पैशावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. आयबीएममध्ये आयुष्य घालवलेले वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये तिथे गेले आणि त्यांच्या कामातून १९९१ मध्ये सीएमएम हा, संस्थेची सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत किती परिपक्व आहे हे मोजणारा आराखडा प्रसिद्ध झाला. पाच पातळ्या. पहिलीत सगळं जमेल तसं, दोन-चार हुशार माणसांच्या जिवावर. दुसरीत एकदा जमलेलं पुन्हा जमवता येतं. तिसरीत पद्धत संस्थाभर ठरलेली. चौथीत ती मोजली जाते. आणि पाचवीत त्या मोजमापांवरून ती सतत बदलत, सुधारत राहते. ही पाचवी पातळी लक्षात ठेवावी, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

१९९१ हेच आपल्याकडे उदारीकरणाचं आणि सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांचं वर्ष. पुण्या-बंगळूरची कंपनी अमेरिकेतल्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं काम मागायला जायची तेव्हा समोरच्याला तिचं नावही ठाऊक नसायचं. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांनी लिहिलेल्या कोडवर भरवसा ठेवायचा कसा, या प्रश्नाला पाचवी पातळी हे रोखठोक उत्तर होतं. मोटोरोलाचं बंगळूरचं केंद्र नव्वदीच्या दशकात जगातल्या अगदी पहिल्या काही पाचव्या पातळीच्या संस्थांमध्ये गणलं गेलं. शतक उलटेपर्यंत त्या पातळीच्या संस्थांमध्ये भारतीय नावांचा मोठा भरणा झाला होता. ते सगळं खोटं नव्हतं. त्या पिढीतली माणसं कोड रिव्ह्यूला प्रिंटआउट आणि लाल पेन घेऊन बसायची आणि एका व्हेरिएबलच्या नावावरून अर्धा तास भांडायची. त्या भांडणांतून जे शिकलो ते कुठल्याही प्रशिक्षणवर्गात मिळालं नाही.

पण प्रमाणपत्र हेच तिकीट झालं की माणसं तिकीट काढायला शिकतात. सल्लागार आले, तयार टेम्प्लेटं आली, ऑडिटच्या आधी कर्मचाऱ्यांना प्रश्नोत्तरं पाठ करून घेणारी सत्रं आली. आणि मग उलटाच प्रकार घडला: ज्या पातळीचा अर्थच सतत बदल असा, ती एकदा मिळाली की कागद गोठले. कारण बदल करायचा म्हणजे पुन्हा मंजुऱ्या, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा पुरावे. चालतंय ते चालू द्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

खरी पाचवी पातळी कशी दिसते ते पाहायचं तर ह्यूस्टनला, अमेरिकेच्या स्पेस शटलचं उड्डाणातलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाकडे पाहावं लागतं. सुमारे ४,२०,००० ओळींचा तो प्रोग्रॅम. नव्वदीच्या मध्यापर्यंतच्या त्याच्या शेवटच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एकेकच चूक सापडली होती. तिथे रात्र-रात्र जागणारे बहाद्दर नव्हते. माणसं सकाळी येऊन संध्याकाळी घरी जायची. चूक सापडली की तिथे तीन प्रश्न विचारले जायचे: आपल्या पद्धतीत कुठे भोक होतं म्हणून ही चूक पुढे सरकली? त्याच भोकातून आणखी काय निसटलं असेल? आणि ते भोक बुजवायचं कसं? चूक कोणी केली हा प्रश्न त्यांना जवळजवळ निरुपयोगी वाटायचा. हे सगळं प्रचंड महाग होतं आणि बँकेच्या ॲपला एवढ्या खर्चाची गरज नाही, हे मान्य. पण हे प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडच्या आरसीएमध्ये, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाच्या अहवालात, काय असतं? "मूळ कारण: मानवी चूक. उपाय: संबंधितास सूचना देण्यात आली. पुनरावृत्ती टाळण्यासाठी: टीमला प्रशिक्षण देण्यात येईल." असे अहवाल मी इतके वाचलेत की वरचं कंपनीचं चिन्ह झाकलं तर कुणाचा कोणता ते ओळखू यायचं नाही. या तीन ओळींतून पुढच्या माणसाला काडीचंही शिकायला मिळत नाही. आणि त्याच दिवशी खाली चहाच्या टपरीवर, कटिंग हातात घेऊन, खरा अहवाल सांगितला जात असतो: "अरे, त्या कॉन्फिगच्या दोन फायली आहेत ना, त्यातली जुनी कोणी काढतच नाही. काढली की महिनाअखेरचा रिपोर्ट बंद पडतो. नवीन पोरानं जुन्यातच बदल केला. मी पण मागे तेच केलं होतं, फक्त तेव्हा टेस्टवर केलं म्हणून वाचलो." यात कारण आहे, कारणामागचं कारण आहे, आधी थोडक्यात हुकलेला अपघात आहे आणि उपायही आहे. हे चार वाक्यांत लिहून त्या फायलीच्या शेजारी ठेवलं असतं तर तेवढंच दस्तऐवज पुरेसं होतं. पण अहवाल लिहिणारा वेगळा, त्याची भाषा वेगळी, आणि तो ज्याच्यासाठी लिहिला जातो तो क्लायंटही वेगळाच. टपरीवरचं ज्ञान वर मजल्यावर चढत नाही.

का चढत नाही याची कारणं आळसापेक्षा बरीच खोल आहेत. ती हितसंबंधांची आहेत.

पहिलं हित कर्मचाऱ्याचं. ज्या प्रणालीची नस फक्त त्यालाच ठाऊक आहे, ती लिहून काढली तर त्याची गरज उरेल का? कपातीच्या बातम्या दर तिमाहीला येत असताना हा प्रश्न मनात येणाऱ्याला दोष देता येत नाही. दुसरं हित मॅनेजरचं. त्याच्या टीमची पद्धत किती मोडकी आहे हे स्पष्ट लिहिलं गेलं तर पहिला जाब त्यालाच. तिसरं आणि सगळ्यांत कमी बोललं जाणारं हित सेवा देणाऱ्या कंपनीचं. प्रणाली कशी चालते हे फक्त आपल्याच माणसांच्या डोक्यात असेल तर ग्राहक दुसऱ्याकडे जाऊच शकत नाही. असं कोणी बैठकीत ठरवत नाही, त्याची गरजही नसते. दस्तऐवजाचे तास बिलात धरायचे नाहीत एवढं केलं की बाकीचं आपोआप होतं.

याचा हिशेब माणसं सोडून जातात तेव्हा कळतो. २०२१-२२ मध्ये काही मोठ्या भारतीय आयटी कंपन्यांतलं नोकरी सोडण्याचं प्रमाण वर्षाला २० टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. इन्फोसिसनं मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षासाठी जाहीर केलेला आकडा २७.७ टक्के होता. म्हणजे चारातला एक जण गेला. जाणाऱ्याचा नोटीस पीरियड सुरू होतो, केटीची, म्हणजे कामाची माहिती पुढच्याला देण्याची, सत्रं लागतात, स्क्रीन शेअर होते, रेकॉर्डिंग होतं आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा कोणी उघडत नाही. दोन तासांच्या व्हिडिओत नेमकं कुठल्या मिनिटाला तो म्हणाला होता की शुक्रवारी संध्याकाळी हा जॉब चालवू नका, हे रात्री दोन वाजता कोण शोधणार?

ठरवून लिहिलेलं काहीच नसलं तर काय होतं, याचं नाइट कॅपिटलइतकं धडधडीत उदाहरण दुसरं नसेल. १ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात सौदे करणाऱ्या या कंपनीनं नवं कोड आठ सर्व्हरवर चढवायचं ठरवलं. एका तंत्रज्ञ कर्मचाऱ्यानं सातांवर चढवलं, आठवा राहिला. दुसऱ्यानं तपासावं असा लेखी नियमच नव्हता, हे पुढे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं आपल्या आदेशात नोंदवलं. आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेलं जुनं कोड तसंच पडून होतं. नव्या कामासाठी जुनाच एक फ्लॅग, म्हणजे कोडमधली चालू-बंद करायची खूण, वापरल्यामुळे ते जागं झालं. बाजार उघडायच्या आधी यंत्रणेनं ९७ ईमेल पाठवले होते, त्यांत त्या जुन्या कोडचं नावही होतं. पण ते ईमेल म्हणजे इशारा आहे असं कोणी कधी ठरवलंच नव्हतं. गोंधळ सुरू झाल्यावर घाईघाईत माणसांनी नीट चाललेल्या सात सर्व्हरवरचं नवं कोड काढलं. त्यानं आग विझायच्या ऐवजी आठही सर्व्हरवर पसरली. ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. हुशार माणसांची तिथे कमतरता नव्हती. बिघाड झाला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं आणि काय करायचं नाही, हे लिहिलेलं पान मात्र नव्हतं.

याच्या अगदी उलट वागणूक गिटलॅबची, म्हणजे इतरांचं कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरनं दुय्यम डेटाबेसची फोल्डर साफ करतोय असं समजून मुख्य डेटाबेसवरच कमांड चालवली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअप पाहायला गेले तर एकामागून एक उपाय निकामी निघाले. रोजचा बॅकअप आवृत्त्यांच्या तफावतीमुळे कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेल मेल सर्व्हर परत पाठवत होता. सुदैवानं सहा तास आधी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, सापडला म्हणून कंपनी वाचली. सहा तासांचा डेटा मात्र गेला. हे सगळं त्यांनी चालू असतानाच उघड्या दस्तऐवजात जगासमोर लिहिलं. चूक करणाऱ्याचा उल्लेख होता 'टीम-मेंबर-१', बस्स. त्याला काढलं नाही. आणि सुधारणांच्या यादीत पहिल्या कामांपैकी एक काय, तर प्रत्येक सर्व्हरच्या कमांड-प्रॉम्प्टवर आपण कुठल्या यंत्रावर आहोत हे ठळक दिसेल असं करणं. किती क्षुल्लक वाटतं! पण हा उपाय सुचायला त्या रात्री त्या काळ्या पडद्यासमोर बसलेला माणूस लागतो. प्रोसेस ग्रुपच्या बैठकीत तो सुचत नाही.

आता कोणी म्हणेल, मग सगळं लिहून काढा, झालं. तसंही नाही. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणूक सेवा काही तास बंद पडली आणि निम्मं इंटरनेट लंगडलं. तिथे लेखी प्लेबुक, म्हणजे पायरीपायरीनं काय करायचं याची नोंद, होतं, ते पाळणारा अधिकृत माणूस होता. कमांडमध्ये एक इनपुट चुकीचं टाकलं गेलं आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद झाले. ॲमेझॉननं काय केलं? प्लेबुकात 'कृपया काळजीपूर्वक टाइप करावे' अशी ओळ वाढवली नाही. साधनच असं बदललं की ते सर्व्हर हळूहळू काढेल आणि ठरावीक किमान संख्येखाली जाऊच देणार नाही. दस्तऐवज सुधारण्याचा सगळ्यांत चांगला मार्ग कित्येकदा त्यातली पायरी खोडून ती यंत्राकडे देणं हाच असतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक बिघाडानंतर चेकलिस्टची एक ओळ वाढते आणि कुठलीच कधी कमी होत नाही. 'रोलबॅक प्लॅन तयार आहे का?', म्हणजे बदल फसला तर मागे फिरायची योजना आहे का, या प्रश्नापुढे 'होय' सोडून दुसरं उत्तर मी कधी पाहिलेलं नाही. रोलबॅक करून पाहिलंय का, हा प्रश्न यादीत नसतो.

चेकलिस्टचा विषय निघालाच आहे तर शस्त्रक्रियेच्या दालनात डोकावून यायला हवं, कारण तिथे हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. अतुल गावंडे हे अमेरिकेतले शल्यविशारद; वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. त्यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी २००८ मध्ये आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सगळीकडे सक्तीची केली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला: फरक पडला, पण नोंद घ्यावी इतका नाही. यादी तीच. यावर बरीच चर्चा झाली आणि अनेक जाणकारांचं म्हणणं पडलं की तिथे यादी भरली गेली, वापरली गेली नाही. मला यात महत्त्वाची वाटते ती त्या मूळ यादीच्या तळाशी छापलेली सूचना. ही यादी परिपूर्ण नाही, स्थानिक पद्धतीनुसार तिच्यात भर घालावी, बदल करावेत, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे ज्यांनी यादी केली त्यांनाच ती तुमच्या हातून बदलायला हवी होती. सक्तीच्या परिपत्रकात ही ओळ कोणी वाचत नाही.

मग आयटी कंपनीत नेमकं काय बदलायचं? माझ्या मते प्रक्रियेचा दस्तऐवज शेअरपॉइंटवरच्या, कोणाच्या तरी सहीच्या पीडीएफमध्ये नसावा. तो कोडच्या शेजारी, कोड जिथे साठवतात त्याच रिपॉझिटरीत असावा आणि कोड जसा पुल रिक्वेस्टनं बदलतो तसाच बदलावा: कोणीही सुचवावं, एका सहकाऱ्यानं वाचून मान्य करावं, त्याच दिवशी लागू व्हावं. त्यासाठी उपाध्यक्षांची सही कशाला? नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात एकच काम द्यावं: लिहिलंय त्याप्रमाणे सगळं उभं करून दाखव आणि जिथे अडशील तिथे दस्तऐवज दुरुस्त कर. त्याच्याइतका निष्पक्ष परीक्षक कंपनीला पुन्हा मिळत नाही, कारण महिनाभरात तोही 'हे असंच असतं' म्हणायला लागतो. आणि वाक्यं मोडक्यातोडक्या इंग्रजीत असली तरी त्यांना इस्त्री करायला जाऊ नये. 'सर्व्हिस पहिल्यांदा स्टार्ट होणार नाही, परत एकदा करा, घाबरू नका' ही ओळ एखाद्या रनबुकात, म्हणजे प्रणाली चालवायच्या सूचनांच्या वहीत, वाचायला मिळाली की मला त्या टीमबद्दल एकदम आदर वाटतो.

काय केलं यापेक्षा का केलं हे लिहिणं जास्त गरजेचं आहे. कोड काय करतो ते कोड वाचून कळतं, आता तर एआयही छान समजावून सांगतं. पण दुसरा सोपा मार्ग असताना हाच का निवडला, तेव्हा कोणत्या क्लायंटची कोणती अट होती, काय करून पाहिलं आणि फसलं, हे कोडमध्ये नसतं. एआयवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुनाट दस्तऐवज वाचून माणूस निदान बुचकळ्यात पडायचा, शेजाऱ्याला विचारायचा. यंत्र तोच दस्तऐवज खरा धरून मोठ्या आत्मविश्वासानं चुकीचं कोड लिहून देतं, आणि तेही क्षणात.

'आम्ही अजाइल आहोत, आमच्यात डॉक्युमेंटेशन नसतं' ही पळवाट मात्र बंद व्हायला हवी. अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्डला जमलेल्या १७ जणांनी अजाइलच्या जाहीरनाम्यात भाराभर दस्तऐवजांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं मानलं, हे खरं. पण दस्तऐवजांनाही मोल आहे हे त्यांनी त्याच जाहीरनाम्यात नोंदवलंय. अर्धंच वाचणाऱ्यांना काय बोलायचं.

प्रोसेस ग्रुपवर मात्र माझा राग नाही. त्यांना पोलिसाचं काम देणारी व्यवस्था चुकीची आहे. तीच माणसं टीममध्ये येऊन बसली, बिघाडानंतरची टपरीवरची गोष्ट ऐकून तिथल्या तिथे लिहायला मदत करू लागली, या टीमला सापडलेला उपाय त्या टीमला सांगू लागली, तर त्यांच्याइतकं उपयोगी खातं कंपनीत दुसरं नसेल. त्यासाठी कंपनीनं त्यांचं यश किती एनसी काढल्या यावर मोजणं थांबवलं पाहिजे. आणि दस्तऐवजाचे तास अंदाजपत्रकात उघडपणे धरले पाहिजेत. ग्राहक कुरकुरेल, पण पुढच्या बिघाडाचं बिल त्यालाच येणार आहे.

हा फक्त कंपन्यांच्या घरातला मामला असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण आता बँक, रेशन, सातबारा, परीक्षेचा निकाल, सगळंच सॉफ्टवेअरवर चालतं. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यास मनाई केली. ती पुढच्या फेब्रुवारीत उठली. त्या आदेशात दोषांची जी यादी होती तिच्यात यंत्रसामग्रीची नोंद, पॅच आणि बदलांचं व्यवस्थापन, कोणाला काय वापरायची मुभा आहे याचं नियंत्रण, आपत्तीनंतर सावरण्याची तयारी आणि सराव, अशा बाबी होत्या. एवढ्या मोठ्या बँकेवर नियामकाला कारवाई करावी लागली ती या रोजच्या कंटाळवाण्या, लिहून ठेवायच्या गोष्टींवरून. मला रिझर्व्ह बँकेचं हे पाऊल आवडलं, कारण तिनं प्रमाणपत्र न विचारता कामाची पद्धत तपासली.

सरकारी निविदांचं मात्र तसं नाही. तिथे पात्रतेच्या अटींत सीएमएमआयची, म्हणजे सीएमएमच्या पुढच्या रूपाची, पातळी ३ किंवा ५ मागितली जाते, आणि काम झाल्यावर दस्तऐवजांचे जाडजूड खंड 'डिलिव्हरेबल' म्हणून घेतले जातात. ते कपाटात जातात. पाच वर्षांनी कंत्राट दुसऱ्याला मिळतं तेव्हा त्या खंडांतलं सॉफ्टवेअर आणि प्रत्यक्ष चालणारं सॉफ्टवेअर यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नसतो. मग नवा कंत्राटदार सांगतो, पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल. पैसे आपलेच.

ही अट बदलता येईल. प्रमाणपत्र हवं तर मागा, पण सोबत दोन गोष्टी मागा. एक, चालू असलेल्या एखाद्या प्रकल्पाच्या रनबुकाचा गेल्या वर्षभराचा बदलांचा इतिहास, तारखांसकट. दुसरी, गेल्या वर्षातल्या तीन मोठ्या बिघाडांचे अहवाल, ग्राहकाचं आणि कर्मचाऱ्यांचं नाव काढून. हे गोपनीय आहे, अशी ओरड होईल. पण गिटलॅबनं आपली सगळ्यांत लाजिरवाणी रात्र जगासमोर मांडली आणि २०२१ मध्ये ती कंपनी नॅसडॅकवर नोंदली गेली. ग्राहक काही पळून गेले नाहीत. अहवालात 'मानवी चूक' एवढंच कारण असेल तर गुण कापा. आणि 'आमच्याकडे गेल्या वर्षभरात एकही मोठा बिघाड झाला नाही' असं जी कंपनी लिहून देईल, तिचा लिफाफा सगळ्यांत आधी बाजूला ठेवा.